शेजारचा तुकडा

माला मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गाई-बैलांच्या डॉक्टरशी थंडीवरून भांडत होत्या. चंद्रपूरचा मे महिना. बाहेर कावळेसुद्धा चोच उघडी टाकून नळाखाली बसलेले. आणि ही बाई अंगात हातानं विणलेला स्वेटर, हातात वेल्डिंगवाले घालतात तसले कोपरापर्यंतचे चामडी मोजे, अशा थाटात उभी राहून म्हणत होती, "वाघाडे भाऊ, तुमच्या बैलाले जेवढी थंडी लागते तेवढीच माह्या गाठीले लागते. अर्धा कॅन द्या, नाईतर मी इथीच बसून राह्यते."

वाघाडे भाऊ म्हणजे आमच्याकडचे पशुधन पर्यवेक्षक. गाई फळवायला ज्या बैलांच्या रेतमात्रा लागतात, त्या ते द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवत आणि मोटरसायकलला बांधून गावोगाव नेत. एवढी थंड वस्तू आमच्या आसपास त्यांच्याखेरीज कोणाकडे नव्हती. माला मॅडम रुग्णालयात नुकत्याच आलेल्या पॅथॉलॉजिस्ट. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा आजार कोणता, किती खोल, ते सांगणं त्यांचं काम. आणि मी त्यांची टेक्निशियन. तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. त्या दिवशी मला कॅन उचलायला सोबत नेलं होतं.

मी म्हणजे तेव्हा काही साधी बाई नव्हते. पन्नाशी ओलांडलेली, केस काळेभोर (रंगाची पुडी कपाटात साड्यांच्या मागं), आणि आपण नसतो तर या मुलखात कोणाला काय झालंय ते कोणालाच कळलं नसतं, अशी पक्की समजूत. ती बाई आज समोरून येताना दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जाईन.

अर्धा कॅन मिळाला. येताना मॅडम म्हणाल्या, "शकू, आता रोज याले सांभाळाचं. अन् हात नको घालू आत. बोट तुटून पडते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ह्या मला शिकवणार!

मॅडमचं काम मूत्राशयाच्या कॅन्सरवर होतं. आमच्याकडं बिडी ओढणारे पुष्कळ, आणि हा आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मागं जास्त लागतो. त्याची लबाडी अशी की सुरुवातीला दुखत काही नाही. एखाद दिवशी लघवी लाल होते, मग आपोआप साफ होते, आणि माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल. म्हणून मॅडमनी सभ्यपणा कधीच सोडून दिला होता. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचा मामा बुंदीचा घास उचलत असायचा आणि ह्या पलीकडून विचारायच्या, "भाऊ, बिडी ओढता ना? लघवी लाल होते काय कधी? दुखत नसली तरी सांगजा. दुखत नाई म्हणूनच तर फसवते ते." मामाचा घास हातातच राहायचा. आहेर द्यायला पर्स उघडली की आधी वेल्डिंगचे मोजे बाहेर यायचे, मग पाकीट. वऱ्हांड्यात कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना दिसला की त्या त्याच्यासमोर जाऊन तळहात पुढे करायच्या. बोलायच्या काही नाहीत. चांगले मोठे मोठे सर्जन त्या तळहातावर खर्ऱ्याची पन्नी ठेवून मुकाट निघून गेलेले मी पाहिलेत.

आणि त्यांचा एक शब्द होता: शेजारी.

दुर्बीण आत घालून सर्जननं गाठ खरवडून काढली, की ऑपरेशन थिएटरच्या दारातून स्वेटरवाली मान आत यायची. "शेजारी?" म्हणजे गाठीपासून जरा लांबून, चांगल्या दिसणाऱ्या जागेवरून, कणीएवढा एक तुकडा घेतला का? तो हवा म्हणजे हवाच. सर्जन वैतागायचे. आजार गाठीत आहे, चांगल्या भागाचं काय करायचं? मॅडम म्हणायच्या, "गाठ एकटी काय सांगते? तिले आरसा नाई. तिच्या शेजाऱ्याले विचारलं तरच कळते, ही कधीपासून बिघडली." मग गाठीचा तुकडा एका कुपीत, शेजाऱ्याचा दुसरीत, आणि दोन्ही कुप्या ताबडतोब नायट्रोजनमध्ये. जोडीनं.

हे सगळं कशासाठी, ते मी त्यांना एकदा विचारलं. विचारलं म्हणजे, मला माहीतच आहे, पण तुमच्या तोंडून ऐकावं, अशा सुरात. मॅडम चहा पीत होत्या. त्या चहा कधी पुरता पीत नसत, त्यांचा अर्धा कप दिवसभर कुठल्या तरी खिडकीत सापडायचा.

"पेशी म्हणजे मोठं घर समज," त्या म्हणाल्या. "आतून हुकूम सुटत राह्यतात. हे बनवा, ते बनवा, वाढवा. अन् दारात बारक्या बारक्या सासवा बसल्या आहेत. मायक्रो आरएनए त्यायचं नाव. त्या स्वतः काईच बनवत नाईत. फक्त म्हणतात, पुरे. एवढं नको. त्यायच्यामुळं घर मापात राह्यते. गाठीत यातल्या काही सासवा गप्प झालेल्या असतात, काही जास्तच बोलून राह्यल्या असतात. कोणती गप्प झाली, ते शेजारच्या घराशी ताडून पाह्याचं."

मला हे इतकं आवडलं की मी ते महिला मंडळात भाषणात सांगितलं. खास पदर पिनअप करून गेले होते. 'मायक्रो' हा शब्द मी इतक्या झोकात उच्चारला की माईक शिट्टी वाजवायला लागला. पुढं सासवांची गोष्ट आली. माझ्या सासूबाई पहिल्याच रांगेत बसलेल्या, हे मला अर्ध्यात दिसलं. त्या चहा न घेता उठल्या आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रडकुंडीला येऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाह्य, एक सासू गप्प झाली. आता घरात काय काय वाढून राह्यलं, ते लक्ष ठेव."

त्याच सुमारास चैतूबाबा आले. एटापल्लीच्याही आतल्या गावचे, म्हातारे पण ताठ. मोहफुलं वेचायला गेले असताना लघवी लाल झालेली पाहून बायकोनं ओढत आणलेलं. गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडम त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. तुकडे घ्यायचे तर आधी माणसाला विचारायचं, हे काम त्या कोणाकडं सोपवत नसत. सगळं नीट सांगितलं. चैतूबाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बिमारीचा तुकडा न्या. तो मले कायले पाह्यजे? पण चांगला काऊन नेता? चांगला माह्या कामाचा आहे."

झालं. मी पुढं सरसावले. तुकडा किती लहान, दुखणार कसं नाही, विज्ञानाचं काय काय भलं होतं, नातवंडांची पिढी, सगळं सांगितलं. तेही ओरडून, जणू समोरचा बहिरा आहे. चैतूबाबांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. ते माझ्याकडं, बस का सुटत नाही म्हणून कंडक्टरकडं पाहतात तसे पाहत राहिले. मी बाहेर येऊन मॅडमना म्हटलं, "अडाणी आहे म्हातारा. उद्या पुन्हा समजावते."

"कशाले?" मॅडम म्हणाल्या. "त्यानं नाई म्हटलं. झालं."

दुसऱ्या दिवशी चैतूबाबांच्या गाठीचा तुकडा कुपीत गेला. मग मॅडमनी दुसरी कुपी घेतली, तिच्यावरही त्यांचा नंबर घातला, आणि रिकामीच बंद करून जोडीला ठेवली. मी विचारलं, रिकामी कशाला? "जागा त्याची आहे. त्यानं दिला नाई, हे पण दिसलं पाह्यजे."

पुढं चैतूबाबा दुर्बिणीनं तपासून घ्यायला पुन्हा आले. या आजारात ते चुकत नाही. गाठ काढली तरी पुन्हा उगवू शकते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा आत डोकावून पाहावं लागतं. एसटी बदलत बदलत ते आले आणि मॅडमसमोर पळसाच्या पानात बांधलेली चारोळी ठेवली. "चांगलं हे घ्या," म्हणाले. लॅबमध्ये खाण्याला मॅडमची बंदी. म्हणून आम्ही सगळे वऱ्हांड्यात रांगेनं उभे राहिलो आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट चारोळी ठेवली. अडाणी म्हाताऱ्याची चारोळी मी दोनदा रांगेत उभी राहून घेतली.

आता कॅनचा घोळ सांगते, कारण त्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत. सगळ्या कुप्या नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जायच्या होत्या. मायक्रो आरएनए मोजायची यंत्रं तिथं. निघण्यापूर्वी नायट्रोजन वरपर्यंत भरून घ्यायला आमचा कॅन पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. तिथंच वाघाडे भाऊंचा आलापल्लीला जाणारा कॅन भरून ठेवलेला. दोन्ही एकाच रंगाचे, एकाच पोटाचे. जीपच्या ड्रायव्हरनं खर्रा तोंडात टाकला, एक कॅन उचलला आणि निघाला नागपूरला.

दुपारी नागपूरहून फोन आला. "मॅडम, इसमें तो साहिवाल बैल लिखा है. आपके पेशंट..."

मॅडमनी फोन खाली ठेवला आणि मला सांगितलं. एवढ्या माणसांचे तुकडे, एवढ्या जोड्या, सगळं आलापल्लीच्या सागवानात गेलं! मी तिथल्या तिथं शनिवार धरायचा नवस बोलले. मॅडमनी वाघाडे भाऊंना फोन लावला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"मॅडम, इथी गाय उभी आहे, गाईचा मालक उभा आहे, अन् कॅनमंदी तुमच्या कुप्या! आता मी गाईले काय सांगू?"

"वाफ निघून राह्यली काय, भाऊ?"

"गाईची?"

"कॅनची."

"हाव, निघते ना. धुक्यावानी."

"मग झाकण लावा. काईच गेलं नाई. गाईले सांगा, पुढच्या वेळी."

"लावतो. पण मॅडम, एक कुपी रिकामीच दिसते. फुटली का काय?"

"नाई. ती चैतूबाबाची आहे. तशीच राहू द्या."

वाघाडे भाऊ तसेच मोटरसायकलवर कॅन बांधून परत आले आणि बैल-माणसं आपापल्या ठिकाणी गेली. त्यानंतर मॅडमनी आमचा कॅन जीपमध्ये कधी ठेवू दिला नाही. तो वाघाडे भाऊंच्या मोटरसायकलवरूनच बसस्टँडवर जाई. मी नवस बोललेल्या शनिवारी सकाळी उपास धरला आणि दुपारी कँटीनमध्ये भजी खाताना मला तो आठवला.

निकाल आला तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. सत्कार होणार, फोटो निघणार. मॅडमनी कागद दाखवले. गाठींमध्ये अमुक सासवा शेजाऱ्यांपेक्षा गप्प, तमुक जास्त बोलक्या. जगात दुसरीकडं लोकांना दिसलं होतं, बरंचसं तेच इथंही. मी म्हटलं, "म्हणजे नवीन काहीच नाही?" मॅडम मात्र खुश. "आपल्या माणसायच्या गाठी कोणी पाह्यल्याच नव्हत्या ना वं. आता पाह्यल्या. आता हेच लघवीत दिसते काय ते पाह्यचं. दिसलं तर चैतूबाबाले दरवेळी दुर्बिणीसाठी एवढ्या दुरून यावं नाई लागणार. बाटली पाठवली की झालं." त्यासाठी आणखी जोड्या हव्या होत्या. पुन्हा वाघाडे भाऊ, पुन्हा थंडी, पुन्हा "शेजारी?"

आणि मग एके सकाळी माझी लघवी लाल झाली.

मी म्हणजे कोण? या आजाराचे काप काढण्यात माझी हयात गेलेली. लग्नाच्या पंगतीत मॅडमच्या शेजारी बसून ती सगळी लक्षणं मला ऐकून ऐकून पाठ झालेली. मी बिडीला कधी हात लावला नव्हता, हे खरं. पण बिडी न ओढणाऱ्यांच्याही गाठी मी कापल्या होत्याच. मी काय करावं? मी बाजारात जाऊन बीट आणलं. बीट खाल्लं की लघवी लाल होते, हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी बीट खाल्लेलं नव्हतं, ही किरकोळ अडचण होती. म्हणून मी त्या दिवसापासून रोज बीट खायला सुरुवात केली, म्हणजे कारण हाताशी राहील. कोशिंबीर, भाजी, पराठा. मधेच लघवी साफ व्हायची, तेव्हा मी म्हणायचे, आज बीट नीट शिजलं नसेल. माझी नात आता मला विचारते, "आजी, तू खरंच लॅबमध्ये होतीस?" मी तिला म्हणते, होते, आणि पगारही घेत होते.

डबा आम्ही दोघी वऱ्हांड्यात खायचो. मॅडमनी काही दिवस माझा लालभडक डबा पाहिला. मग एकदा म्हणाल्या, "तुले बीट आवडत नाई ना?"

"रक्त वाढते मॅडम त्यानं."

"हो काय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्यापासून तुहा डबा मी आणीन. घरी पण मी पाठवते तेच खा."

मी नाही म्हणूच शकले नाही. कारण काय देणार? त्या रोज डबा आणत राहिल्या. वांगी, वाटाण्याची उसळ, लाखोरीच्या डाळीचे वडे. बीटाचा मागमूस नाही. माझ्याशी गप्पा मारायच्या त्या पावसाच्या, वाघाच्या, जंगल सफारीच्या मोहर्ली गेटवर कोणाची जिप्सी बंद पडली त्याच्या. आजाराबद्दल एक अक्षर नाही. मग एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर बाटली ठेवली.

"जा. भरून आण."

आणली. मॅडमनी ती खिडकीशी धरली. ऊन बाटलीतून आरपार आलं आणि त्यांच्या स्वेटरवर लाल पडलं. बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "चाल."

मी गेले. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: लघवीची पिशवी वाचते की जाते. खोल गेलेल्या गाठीत मूत्राशयच काढावं लागतं, मग पोटाला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी. असली मूत्राशयं मी हातात धरून कापली होती. आपलं तसं कोणी हातात धरेल, हे मला सुचलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मॅडम स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या. सगळं पुन्हा नीट सांगितलं, जणू मी हे कधी ऐकलंच नाही. मग विचारलं, "गाठीचा तुकडा देशील?"

"घ्या की."

"अन् शेजारचा?"

माझ्या तोंडातून निघालं, "चांगला काऊन?"

मॅडमना हसू फुटलं, आणि थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. मला राग यायला हवा होता, पण मीही हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. मला तो तुकडा खरंच द्यायचा नव्हता. आत एवढं बिघडलं आहे, जे चांगलं उरलंय ते तरी राहू द्या, एवढंच वाटत होतं. विज्ञान, नातवंडांची पिढी, काही आठवेना. चैतूबाबांना मी हे ओरडून सांगितलं होतं.

"नाई म्हटलं तरी चालते वं," मॅडम म्हणाल्या. "रिकामी कुपी ठेवीन."

मी रात्रीपुरती मुदत मागितली. सकाळी स्ट्रेचरवर थिएटरकडं नेताना त्या दारात उभ्या होत्या, मोजे घालून. मी म्हटलं, "घ्या मॅडम. पण लहान."

"लहानच. कणीएवढा."

"कोणत्या तांदळाच्या?"

"तू सांग."

"एचएमटीच्या. जाड्या तांदळाच्या नाई."

"बरं बाई, एचएमटीच्या."

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं. मी जागी होते. पडद्यापलीकडं सर्जनचे हात चालले होते. यंत्राची घरघर, पाण्याचा आवाज. आणि मग दारातून तो आवाज आला, जो मी इतकी वर्षं दाराच्या दुसऱ्या बाजूनं ऐकला होता.

"शेजारी?"

"घेतो, मॅडम."

"एचएमटीची कणी," मॅडम म्हणाल्या. सर्जनला काही कळलं नाही.

काप मॅडमनी स्वतः पाहिला. रंगवलाही त्यांनीच. माझ्याइतका चांगला रंगवता येत नाही त्यांना, हे मी नंतर त्यांना सांगितलंच. वॉर्डात येऊन खाटेच्या दांड्याला धरून म्हणाल्या, "वरवरची आहे. खोल गेली नाई. पिशवी तुहीच राह्यते." आणि माझ्या डोक्यावर तो चामडी मोजा घातलेला हात ठेवला. अजून थंड होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दुर्बिणीसाठी मी अजून वेळच्या वेळी जाते. बाटलीनं भागेल असा दिवस अजून आमच्याकडं आलेला नाही. मॅडम मात्र गेल्या, निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत, खिडकीत अर्धा कप ठेवून. त्या आधी आम्ही कितीदा तरी भेटलो, भांडलो, जेवलो. पण त्या आठवल्या की मला ते सगळं दिसत नाही. दिसते ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

माझी खाट खिडकीशी होती. खाली आवारात वाघाडे भाऊंची मोटरसायकल उभी. मागं माला मॅडम बसलेल्या, दोघांच्या मधे नायट्रोजनचा कॅन, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. उन्हात स्वेटर, उन्हात मोजे. गाडी सुरू झाली आणि फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरपाशी मंदावली. मॅडमनी कॅन आणखी जवळ ओढला. मग काय वाटलं कोण जाणे, वळून वर माझ्या खिडकीकडं पाहिलं. एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, हात वर केला, आणि अंगठा आणि बोट जवळ आणून मला माप दाखवलं.

एवढुसं. एचएमटीच्या कणीएवढंच.